दाराआड राहिलेली किल्ली: लेव्हल बांधत प्रोग्रॅमिंग कसं शिकावं

माझ्याकडे शिकणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलीने तिची पहिली लेव्हल, म्हणजे संगणकावरच्या खेळाचा एक टप्पा, मला खेळायला दिली. भूलभुलैया सुरेख होता, रंग मन लावून निवडलेले होते आणि मधोमध एक कुलूपबंद दार होतं. मी सगळे कोपरे पालथे घातले, किल्ली काही सापडेना. ती दाराच्या पलीकडे ठेवलेली होती. मुलीच्या हे लक्षातच आलं नव्हतं, कारण ती आपला नकाशा वरून पाहत होती आणि खेळणारा तो आतून पाहतो. पुढचा अर्धा तास ती कागदावर बाण काढत बसली: कुठून कुठे जाता येतं, कशाच्या आधी काय हाती लागायला हवं. कोणतं काम कशावर अवलंबून आहे हे दाखवणारा असा आलेख प्रोग्रॅमर रोज वापरतात, हे मी तिला नंतर सांगितलं. तिला आधी त्याची गरज पडली आणि मग त्याचं नाव कळलं.

बहुतेक पुस्तकांत हा क्रम उलटा असतो. व्हेरिएबल, अट, लूप या शब्दांच्या व्याख्या आधी येतात आणि त्या कशासाठी हव्यात ते बऱ्याच उशिरा कळतं. लेव्हल बांधताना गरज आधी समोर उभी राहते. पूर्ण गेम बनवायला निघालेले बरेचजण चित्रं, आवाज आणि मेन्यू यांतच थकून जातात, म्हणून नवशिक्याने गेम नाही तर एकच लेव्हल बनवावी, असा माझा आग्रह असतो. आलेख कागदाच्या दोन-चार पानांवर आणि कोणत्याही साध्या संगणकावर हे काम होतं. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. मुलांना शिकवणाऱ्या पालकांना आणि शिक्षकांनाही हाच क्रम उपयोगी पडेल.

पहिली पायरी: एक लेव्हल वाचून काढा

बांधायला बसण्याआधी दुसऱ्याने बांधलेलं नीट पाहायचं. यासाठी १९८५ सालच्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल मला आजही सर्वांत चांगली वाटते. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ती तयार केली. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. कुठे जायचं हे कोणी लिहून सांगत नाही, तरी हात उजवीकडचं बटण दाबतो. थोड्याच अंतरावर एक शत्रू संथपणे समोरून येतो. उडी मारली नाही तर मारिओचा जीव तिथेच जातो, पण आपण अगदी सुरुवातीलाच असल्यामुळे गमावण्यासारखं काही नसतं. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून निघालेलं मशरूम उजवीकडे घरंगळतं, खाली पडतं, पाइपवर आपटून मागे फिरतं आणि थेट आपल्या अंगावर येतं. शत्रू समजून त्याच्यापासून पळू पाहणाऱ्यालाही ते बहुधा लागतंच, आणि ही वस्तू चांगली आहे हे त्याला कळतं.

लेव्हलच्या शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या येतात. पहिल्या जोडीच्या मध्ये साधी जमीन आहे, दुसरीच्या मध्ये खोल खड्डा. उडी तीच. आधी चुकलात तर पडून परत वर चढायचं, नंतर चुकलात तर जीव जातो. शिकवण्याची ही पद्धत मला फार आवडते, कारण सरावाला जागा मिळते आणि परीक्षाही टळत नाही.

आता तुमच्या आवडीच्या कुठल्याही खेळाची एक लेव्हल घ्या आणि वही शेजारी ठेवून खेळा. पानावर तीन रकाने आखा: मी काय केलं, असं करावंसं का वाटलं, पडद्यावरच्या कोणत्या गोष्टीमुळे वाटलं. तिसरा रकाना भरताना वेळ लागतो. लागू द्या, कारण लेव्हल बांधणाऱ्याचं काम त्याच रकान्यात दिसतं.

दुसरी पायरी: क्रियापदं ठरवा

खेळणारा काय काय करू शकतो, हे फक्त क्रियापदांत लिहा. चालणं, उडी मारणं, ढकलणं, उचलणं, उघडणं. पहिल्या लेव्हलसाठी यातली दोनच निवडा, फार तर तीन. हिरोयुकी इमाबायाशी यांच्या सोकोबान या कोड्याच्या खेळात चालण्याखेरीज एकच क्रिया आहे: पेटी ढकलणं. ओढता येत नाही. केवळ त्या एका मनाईमुळे कोपऱ्यात गेलेली पेटी कायमची अडकते आणि प्रत्येक पाऊल तोलून टाकावं लागतं. सोकोबानची एखादी लेव्हल सुटेल की नाही हे ठरवणं संगणकासाठीसुद्धा अत्यंत अवघड प्रश्नांच्या गटात मोडतं, हे जोसेफ कल्बर्सन यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं. एवढी खोली येण्यासाठी क्रियापदांची गर्दी लागली नाही.

बाजूने दिसणारा, उड्यांचा खेळ करणार असाल तर भिंती काढण्याआधी उडी मोजून घ्या. समजा, उडी मारताना सुरुवातीचा वेग सेकंदाला १२ घरं (नकाशातले चौकोन) आहे आणि गुरुत्वाकर्षण तो वेग दर सेकंदाला ३६ ने कमी करतं. उडीची उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट, म्हणजे १४४ भागिले ७२, बरोबर २ घरं. हवेतला वेळ २४ भागिले ३६, साधारण ०.६७ सेकंद. धावण्याचा वेग सेकंदाला ६ घरं असेल तर एका उडीत ४ घरं पार होतात. म्हणजे २ घरांचा खड्डा आरामात ओलांडता येईल, ३ घरांच्या खड्ड्यासाठी लक्ष द्यावं लागेल, आणि ४ घरांचा खड्डा फक्त कागदावर पार होतो, कारण काठाच्या अगदी शेवटच्या बिंदूवरून कोणी उडी मारत नाही. सेलेस्ट या २०१८ च्या खेळात काठावरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर उडी मान्य केली जाते. खेळणाऱ्याला ही सवलत जाणवत नाही, आपली उडी बरोबर होती असंच त्याला वाटतं. शाळेत रटाळ वाटलेली गतीची सूत्रं इथे मुलं स्वतःहून मागून घेतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

तिसरी पायरी: नकाशा अक्षरांत लिहा

सर्वांत जास्त शिकायला मिळतं ते या पायरीवर, म्हणून इथे घाई करू नका. आलेख कागदावर वरून दिसणारा छोटा भूलभुलैया काढा आणि प्रत्येक घरासाठी एक चिन्ह ठरवा. भिंतीला #, मोकळ्या जागेला टिंब, खेळणाऱ्याला ख, किल्लीला क, दाराला द आणि शेवटाला श. मग तोच नकाशा साध्या मजकुराच्या फाईलमध्ये टाइप करा:

############
#ख...#....श#
#.##.द..##.#
#.क#.#..#..#
#....#.....#
############

सहा ओळी, प्रत्येकीत बारा चिन्हं, एकूण ७२ घरं. तुमची लेव्हल आता संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात आहे. प्रोग्रॅमर याला द्विमितीय ॲरे म्हणतात, पण बुद्धिबळाच्या पटावरची घरं ज्याला मोजता येतात त्याला हे नवीन नाही. फरक एवढाच की प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते. वरच्या नकाशात किल्ली ३ नंबरच्या ओळीत आणि २ नंबरच्या स्तंभात आहे. बोटाने मोजून पाहा, चुकाल आणि मग ते कायमचं लक्षात राहील. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ओळ आणि स्तंभ यांची अदलाबदल. गणिताच्या वहीत आडवा अंक आधी येतो, इथे मात्र आधी ओळ आणि मग स्तंभ. शिवाय ओळींची मोजणी वरून खाली जाते. पडद्यावर सगळा नकाशा आडवा पडलेला दिसला, तर कारण शोधत बसू नका, ही अदलाबदलच झालेली असते.

चित्र काढण्यासाठी एकात एक अशी दोन लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या सूचना, लागतात. बाहेरची प्रत्येक ओळ घेते, आतली त्या ओळीतलं प्रत्येक चिन्ह. एक घर ३२ पिक्सेलचं (पडद्यावरच्या ठिपक्यांचं) धरलं तर किल्लीचं चित्र डावीकडून २ गुणिले ३२ म्हणजे ६४ पिक्सेलवर आणि वरून ९६ पिक्सेलवर येईल. टिंब खोडून # टाइप करा, खेळ पुन्हा चालवा, तिथे भिंत उभी राहिलेली असते. हा क्षण मी कोणालाही चुकू देत नाही. कोडची एक ओळही न बदलता खेळ बदललेला असतो.

माहिती वेगळी आणि ती चालवणारा कोड वेगळा, ही प्रोग्रॅमिंगमधली फार मोलाची कल्पना आहे आणि खेळांनी तिचा उपयोग लवकर ओळखला. १९८३ च्या लोड रनरमध्ये डग्लस स्मिथ यांनी १५० लेव्हलबरोबर लेव्हल बांधण्याचं साधनही दिलं होतं. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या डूममध्ये नकाशे, चित्रं आणि आवाज वॅड नावाच्या स्वतंत्र फाईलमध्ये होते, खेळ चालवणारा कोड, म्हणजे इंजिन, वेगळं. त्यामुळे खेळणाऱ्यांनी इंजिनाला हात न लावता स्वतःचे नकाशे बांधले आणि त्यासाठी लागणारे एडिटरही स्वतःच लिहिले.

चौथी पायरी: नियम आधी मराठीत लिहा

कोडिंगची भाषा कोणतीही असो, आधी नियम आपल्या भाषेत, पण काटेकोर लिहा:

जर पुढचं घर भिंत असेल: तिथेच थांब
नाहीतर जर पुढचं घर दार असेल आणि किल्ल्या ० असतील: तिथेच थांब
नाहीतर जर पुढचं घर दार असेल: एक किल्ली कमी कर, दार पुसून टिंब लिही, पुढे जा
नाहीतर जर पुढचं घर किल्ली असेल: एक किल्ली वाढव, पुढे जा
नाहीतर जर पुढचं घर शेवट असेल: लेव्हल संपली
नाहीतर: पुढे जा

ही यादी वरवर पूर्ण वाटते, पण तिच्यात एक चूक मी मुद्दाम ठेवली आहे. दार उघडल्यावर ते पुसलं जातं, किल्ली उचलल्यावर मात्र ती नकाशातून पुसली जात नाही. त्यामुळे त्याच घरावर ये-जा करून हव्या तितक्या किल्ल्या गोळा करता येतात. विद्यार्थ्यांना ही यादी द्या आणि खेळून चूक शोधायला सांगा. स्थिती, स्थितीतला बदल वगैरे शब्द न वापरता त्यांना कळतं की संगणकाला सांगितलेलं तेवढंच घडतं आणि न सांगितलेलं घडत नाही.

ती चूक दुरुस्त केल्यावर ‘पुन्हा खेळा’ असं बटण जोडा. जवळजवळ प्रत्येकाचा खेळ इथे मोडतो. दुसऱ्यांदा सुरू केल्यावर किल्ली गायब आणि दार आधीच उघडं, कारण खेळताना मूळ नकाशाच खोडला गेला. उपाय असा की मूळ नकाशाला हात लावायचा नाही, दर वेळी त्याची नवी प्रत काढायची आणि प्रतीवर खेळायचं. इथे आणखी एक खाच आहे. अनेक भाषांमध्ये ‘प्रत = मूळ’ असं लिहिल्याने प्रत तयार होत नाही, त्याच नकाशाला दुसरं नाव मिळतं. कॉलेजात संदर्भ आणि प्रत यांतला फरक पाठ करूनही न समजलेली माणसं मी पाहिली आहेत. हरवलेल्या किल्लीमुळे तो दहा मिनिटांत समजतो.

चूक सापडत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि नकाशा लहान करा. तीन घरांच्या नकाशातही बग टिकून राहिला, तर तो शोधायला फारशी जागा उरत नाही.

पाचवी पायरी: लेव्हल सुटते का, हे संगणकालाच विचारा

दाराआड राहिलेल्या किल्लीकडे परत येऊ. ती चूक डोळ्यांनी शोधण्याऐवजी प्रोग्रॅमने शोधता येते, आणि पद्धत पाण्यासारखी आहे. ख या घरात पाणी ओतलं आहे असं समजा. ते चारही बाजूंच्या मोकळ्या घरांत पसरतं, तिथून पुढच्या घरांत. भिंत आणि बंद दार त्याला अडवतात. पाणी थांबल्यावर किल्लीचं घर भिजलं असेल तर दार उघडा आणि पुन्हा पसरू द्या. शेवटी श भिजला तर लेव्हल सुटते.

कागदावर हे रंगीत पेन्सिलीने करा, मग कोडमध्ये. भेट द्यायच्या घरांची एक रांग ठेवायची, पुढचं घर काढायचं, त्याचे न भिजलेले शेजारी रांगेच्या शेवटी घालायचे, रांग रिकामी होईपर्यंत. यालाच रुंदीनुसार शोध म्हणतात. प्रत्येक घराशेजारी तिथे पोहोचायला लागलेली पावलं लिहिली तर सर्वांत छोटा रस्ताही हाती येतो.

एक किल्ली आणि एक दार असेल तर एवढं पुरतं. दारं तीन आणि किल्ल्या दोन असतील तर कोणतं दार आधी उघडलं यावर निकाल बदलतो. मग नुसती जागा लक्षात ठेवून चालत नाही. जागा, हातातल्या किल्ल्या आणि उघडलेली व उचललेली घरं मिळून एक स्थिती होते, आणि शोध त्या स्थितींमधून घ्यावा लागतो. इथवर आलेल्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंगची गोडी लागली आहे, असं मी धरून चालते.

सहावी पायरी: दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

लेव्हल सुटते हे संगणक सांगेल, पण ती समजते का हे माणूसच सांगू शकतो. ही लेव्हल आधी कधीही न पाहिलेल्या व्यक्तीला खेळायला बसवा. सूचना देऊ नका, बोट दाखवू नका, ‘तिकडे नाही’ असं तोंडून निघू देऊ नका. कुठे थांबली, कुठे मागे फिरली, कुठे पडद्याकडे वाकून पाहिलं, एवढं नोंदवा. पहिल्यांदा हे फार जड जातं. पण तुमची लेव्हल इतरांपर्यंत जाईल तेव्हा तुम्ही तिच्याशेजारी नसणार.

अडलेल्या जागी ‘उजवीकडे जा’ अशी पाटी लावण्याचा मोह होतो. त्याआधी जागाच बदलून पाहा. किल्ली दिसेल अशी पण लगेच हाती न येणारी ठेवा, वाटेत नाण्यांची ओळ टाका, नको असलेला बोळ एका घराने आखूड करा. २०१५ मध्ये आलेल्या सुपर मारिओ मेकरमध्ये स्वतःची लेव्हल इतरांसाठी पाठवण्यापूर्वी ती आपण स्वतः पूर्ण करून दाखवावी लागत असे. आपल्या गटातही हा नियम लावा. न सुटणाऱ्या लेव्हल त्यामुळे थांबतात, फक्त स्वतःलाच सुटणाऱ्या लेव्हल थांबत नाहीत, म्हणून परका खेळणारा लागतोच.

सातवी पायरी: लय

कल्पकता म्हणजे सुंदर चित्रं, असा समज इथे आड येतो. राखाडी चौकोनांची लेव्हलही रंगते आणि उत्तम चित्रांची लेव्हलही कंटाळवाणी होते. मारिओच्या त्रिमितीय खेळांवर काम करणारे कोइची हायाशिदा यांनी चार टप्प्यांची एक रचना समजावून सांगितली आहे, जी पूर्व आशियातल्या कथनपरंपरेतून येते: ओळख, विस्तार, कलाटणी आणि शेवट. एखादी नवी गोष्ट सुरक्षित जागी दाखवायची, मग थोडी अवघड करायची, मग अनपेक्षित जागी आणायची आणि अखेर खेळणाऱ्याला आपलं कौशल्य दाखवायची संधी द्यायची. आपल्या दाराच्या नियमावर हे असं बसेल: आधी किल्ली आणि दार शेजारी, मग किल्ली लांब, मग दोन दारं आणि एकच किल्ली, शेवटी आतापर्यंत शिकलेलं सगळं लागेल अशी एक खोली. अवघड भागानंतर चार-सहा घरं मोकळी सोडा. सतत ताण असेल तर कलाटणी जाणवतच नाही.

सरावासाठी वरचाच १२ बाय ६ चा नकाशा घ्या आणि नियम न बदलता तीनदा बांधा: एकदा खेळणाऱ्याला घाई वाटेल असा, एकदा एकटं वाटेल असा, एकदा काहीतरी गुपित सापडल्याचा आनंद होईल असा. या बंधनातून निघालेल्या कल्पना मला मोकळं मैदान दिल्यावर निघालेल्या कल्पनांपेक्षा नेहमी सरस वाटल्या आहेत.

साधनं कोणती घ्यावीत

यावर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. लहान मुलांसाठी एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेलं स्क्रॅच पुरेसं आहे, त्यात ठोकळे जोडून नियम लिहिता येतात. वरच्यासारखा अक्षरांचा नकाशा थेट चालवायचा असेल तर स्टीफन लॅव्हेल यांचं पझलस्क्रिप्ट पाहा. ते २०१३ पासून ब्राउझरमध्ये मोफत चालतं, आणि त्यात लेव्हल खरोखरच अक्षरांत लिहितात. पुढे जायचं असेल तर २०१४ मध्ये मुक्त स्रोत झालेलं गोडो इंजिन घ्या आणि मोठे नकाशे रंगवायला टाइल्ड हा मोफत एडिटर.

तयार खेळांमधले एडिटर सुरुवातीला छान असतात, पण तिथे नियम दुसऱ्याने लिहिलेले असतात. तुम्ही रचना शिकता, नियम लिहायला शिकत नाही. चार-पाच लेव्हल झाल्या की तिथून बाहेर पडा. आणि लेव्हल बांधून सगळंच प्रोग्रॅमिंग येतं असंही नाही. मोठा कोड अनेक जणांनी मिळून सांभाळणं, नेटवर्क, डेटाबेस यांसाठी वेगळा अभ्यास लागतो.

पहिली लेव्हल पूर्ण झाली की तिची फाईल १ नंबर देऊन जपून ठेवा आणि दुसरी लेव्हल नव्या फाईलमध्ये सुरू करा. अट एकच: कोडला हात लावायचा नाही, फक्त नकाशातली अक्षरं बदलायची. ही लेव्हल मोठी असू द्या, २० बाय १० ची. ती पडद्यावर अर्धीच दिसली, तर तुमच्या कोडमध्ये कुठेतरी १२ आणि ६ हे आकडे थेट लिहिलेले राहिले आहेत. ते शोधा, नकाशाची लांबी-रुंदी मोजून वापरा आणि मग तिसरी फाईल उघडा.